गुडघेदुखी आणि पीईएमएफ: तुमचे वारंवार येणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे पीईएमएफचं मशीन आलं तेव्हापासून पेशंट, त्यांची मुलं-सुना आणि परगावचे नातेवाईक तेच तेच प्रश्न पाठवतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. आधीच सांगून टाकते, हे मशीन लावण्याचे पैसे मीही घेते. तेव्हा मी त्याची बाजू घेतेय असं कुठे वाटलं, तर तेवढं वजा करून वाचा.

1. पीईएमएफ म्हणजे नक्की काय असतं?

तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. त्यातून वीज सलग न सोडता ठोक्याठोक्याने सोडतात. प्रत्येक ठोक्याला कॉइलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि विरतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वस्तूत किंचित वीज निर्माण होते, हे फॅरडेने 1831 साली दाखवलं आणि शाळेत आपण सगळ्यांनी ते पाठ केलंय. इथे ती 'जवळची वस्तू' म्हणजे तुमचा गुडघा. स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्र या लांबलचक नावाचं इंग्रजी लघुरूप म्हणजे पीईएमएफ.

ताकद किती? गुडघ्यासाठीच्या एका नेहमीच्या प्रकारात सेकंदाला 75 ठोके आणि 1.5 मिलिटेस्ला इतकं क्षेत्र असतं. एमआरआयचं सर्वसाधारण मशीन 1.5 टेस्लाचं, म्हणजे याच्या हजारपट. दुसरीकडे, पृथ्वीचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र याच्या साधारण तिसाव्या हिश्श्याइतकं.

2. करंट बसतो का? लावल्यावर काय जाणवतं?

काहीच नाही. मुंग्या, चटका, ऊब, यातलं काही जाणवत नाही. सलवार किंवा नऊवारी वर करायचीही गरज नसते, कारण चुंबकीय क्षेत्र कापडातून, अगदी प्लास्टरमधूनही आरपार जातं. आमच्या मशीनची कॉइल मोठ्या बांगडीसारखी आहे. पाय त्यातून घालायचा, गुडघा मधोमध आणायचा आणि अर्धा तास पडून राहायचं. बारीक टकटक ऐकू येते, तेवढीच.

एक आजी पहिल्या दिवशी वीस मिनिटं झाल्यावर म्हणाल्या, "बाई, बटण दाबायला विसरलीस वाटतं." तसं वाटणं साहजिक आहे. ठोके सुरू आहेत की नाही हे बघायची युक्ती प्रश्न 13 मध्ये दिली आहे.

3. टेन्स, आयएफटी, शॉर्टवेव्ह, अल्ट्रासाऊंड... हे सगळं 'शेक'च ना?

पेशंटच्या भाषेत सगळंच 'शेक' किंवा 'करंट', पण आत वेगवेगळं चालतं. टेन्स आणि आयएफटीमध्ये पॅड चिकटवून वीज थेट कातडीतून देतात, म्हणून मुंग्या येतात. अल्ट्रासाऊंड म्हणजे ध्वनिलहरी, जेल लावून फिरवायच्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी आतून ऊब देते. कमी वारंवारितेचं पीईएमएफ यातलं काहीच करत नाही.

गोंधळ होतो तो एका ठिकाणी. शॉर्टवेव्हचाच ठोक्याठोक्याने देण्याचा एक प्रकार आहे आणि त्याची वारंवारिता 27.12 मेगाहर्ट्झ असते. त्याच वारंवारितेवर चालणारी, बॅटरीची, गुडघ्याला गुंडाळायची छोटी कडी मिळतात आणि त्यांनाही पीईएमएफच म्हणतात. सेकंदाला 75 ठोके कुठे आणि दोन कोटी एकाहत्तर लाख कंपनं कुठे! नाव एक असलं तरी या वस्तू दोन आहेत. अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक कारण हेही आहे.

4. गुडघ्यातली झिजलेली गादी परत तयार होते का? जाहिरातीत तसं म्हणतात.

नाही. माणसाच्या झिजलेल्या गुडघ्यात पीईएमएफने कूर्चा, म्हणजे तुम्ही जिला 'गादी' म्हणता ती, पुन्हा वाढली असं सिद्ध झालेलं नाही.

जाहिरातवाल्यांचा आधार बहुतेकदा दोन गोष्टींचा असतो. पहिली, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशी: या क्षेत्रात ठेवल्यावर त्यांच्यावरच्या, अॅडिनोसिन नावाचं रसायन पकडणाऱ्या जागा (रिसेप्टर) वाढतात आणि सूज वाढवणारी रसायनं घटतात, असं इटलीतल्या संशोधकांनी दाखवलंय. दुसरी, गिनीपिग. त्यांच्या एका जातीला वयाबरोबर आपोआप गुडघ्याची झीज होते. त्यांच्यात पीईएमएफमुळे झीज कमी झाल्याचे निष्कर्ष आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि अभ्यासण्यासारख्या आहेत. पण गिनीपिगचा गुडघा बोटाच्या पेराएवढा, आणि त्याला 75 किलोचं शरीर घेऊन दादरचा जिना चढायचा नसतो.

'आधी आणि नंतर'चे एक्स-रे दाखवून कोणी पटवत असेल, तर एवढंच विचारा: दोन्ही एक्स-रे उभं राहून काढलेत का? उभं असताना शरीराचा भार पडतो आणि झिजलेल्या सांध्यातली फट अरुंद दिसते. तोच गुडघा आडवं झोपवून टिपला की फट रुंद. गुडघा किती वाकवलाय यावरही फट बदलते. पहिला एक्स-रे उभा आणि दुसरा झोपून, एवढ्यावर 'गॅप वाढला' म्हणून दाखवलेल्या दोन फाइली मी स्वतः पाहिल्यात. यात लबाडी असेलच असं नाही. एक्स-रे काढणाऱ्याला कोणी 'उभा काढा' असं लिहूनच दिलेलं नसतं.

5. मग उपयोग तरी होतो का? अभ्यास काय सांगतात?

दुखणं कमी व्हायला थोडा, काही जणांना.

सगळ्यात नीट आढावा कॉक्रेन या संस्थेचा, 2013 सालचा. झिजेच्या संधिवातावरचे 9 अभ्यास, 636 पेशंट. शून्य ते शंभरच्या मोजपट्टीवर खोट्या मशीनच्या, म्हणजे दिसायला तसंच पण उपचार न देणाऱ्या मशीनच्या, तुलनेत दुखणं सरासरी 15 अंकांनी जास्त कमी झालं. चालणं, जिना चढणं, घरकाम यांत मात्र खात्रीने म्हणावा असा फरक दिसला नाही. यातल्या काही अभ्यासांत कॉइलऐवजी पॅडमधून विजेचे ठोके दिले होते, म्हणजे सगळं एकाच माळेत ओवलंय. त्याआधीच्या, 2006 सालच्या एका आढाव्याचा सूर तर 'गुडघ्यासाठी याचा फारसा उपयोग नाही' असाच होता.

सुटे अभ्यास बघितले तर दोन्ही बाजूंचे सापडतात. डेन्मार्कमधल्या 2005 च्या अभ्यासात रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे उपचार दिले. खऱ्या मशीनच्या गटाला बरं वाटलं, पण खोट्या मशीनच्या गटाशी ताडून पाहिल्यावर सरसकट फायदा दाखवता आला नाही. 65 च्या आतल्यांचा आखडलेपणा तेवढा कमी झाला. इटलीतल्या 2016 च्या अभ्यासात 60 पेशंटनी प्रश्न 3 मधलं ते छोटं कडं दिवसाला 12 तास, महिनाभर वापरलं आणि खऱ्या कड्यांच्या गटाचं दुखणं स्पष्टपणे जास्त उतरलं.

या उपचारात एक सोय आहे. काहीच जाणवत नसल्यामुळे आपलं मशीन खरं की खोटं हे पेशंटला ओळखता येत नाही, म्हणून तुलना तशी प्रामाणिक होते. टेन्सचं तसं नाही, मुंग्या आल्या नाहीत की पेशंटला लगेच कळतं.

आता 15 अंक म्हणजे काय ते बघा. ज्याचं दुखणं साठ होतं त्याचं खोट्या मशीननेही पन्नासावर आलं असतं असं धरा, तर खऱ्याने ते पस्तिसावर आलं. थट्टेवारी नेण्याजोगं हे नाही. पण 'गुडघे नवे झाले' असंही नाही.

6. खोट्या मशीननेही बरं कसं वाटतं? म्हणजे पेशंटचे मनाचे खेळ का?

मनाचे खेळ नव्हेत. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, मग काहीही केलं तरी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते थोडं उतरतंच. शिवाय रोज अर्धा तास आडवं पडणं आणि कोणीतरी आपुलकीने विचारपूस करणं, यानेही फरक पडतो. म्हणूनच 'शेजारच्या काकूंना गुण आला' या पुराव्यावर मी माझ्या स्वतःच्या मशीनबद्दलही काही ठामपणे सांगत नाही.

7. 'अमेरिकेत मान्यताप्राप्त' असं ब्रोशरवर असतं. ते खरं आहे का?

कशासाठी मान्यता, ते विचारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1979 मध्ये हे तंत्र मंजूर केलं ते न जुळणाऱ्या हाडांसाठी, म्हणजे महिनोन् महिने प्लास्टर घालूनही न सांधणाऱ्या फ्रॅक्चरसाठी. त्यामागे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हाडांचे सर्जन अँड्र्यू बॅसेट यांचं काम होतं. त्याच्याही आधी, 1957 मध्ये, हाडावर दाब आला की त्यात वीज तयार होते हे फुकाडा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी दाखवलं होतं. सगळी कहाणी सुरू होते ती तिथून.

हाड आणि कूर्चा यांत मोठा फरक आहे. हाडाला भरपूर रक्तपुरवठा असतो आणि भरून यायचा त्याचा स्वभावच असतो. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नाहीत. हाडाचा दाखला गुडघ्याच्या झिजेला लावणं म्हणजे आंब्याचं कलम नारळावर बांधणं झालं. पुढे 2017 मध्ये 27.12 मेगाहर्ट्झच्या एका छोट्या कड्याला गुडघ्याच्या झिजेसाठी तिथे परवानगी मिळाली, पण ती वेदना कमी करायला, आणि तीही इतर उपचारांच्या जोडीने.

8. किती सिटिंग लागतात? किती वेळ?

सर्वमान्य ठरलेला डोस नाही. अभ्यासांत दिवसाला अर्ध्या तासापासून 12 तासांपर्यंत सगळं आहे. मी आठवड्यातून पाच, प्रत्येकी अर्धा तास, अशा दहा सिटिंग करते आणि तिथे थांबून मोजते. पहिल्या दिवशी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवायच्या: दुखणं दहापैकी किती, खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं, आणि रात्री दुखण्याने जाग येते का. दहाव्या दिवशी पुन्हा त्याच तीन गोष्टी. आगाऊ तीस-चाळीस सिटिंगचं पॅकेज घेऊ नका. कोणी 'आज भरले तर सूट' म्हणत असेल तर मुळीच नको.

9. ग्रेड 4 सांगितलाय. ऑपरेशन टळेल का?

ग्रेड 4 म्हणजे एक्स-रेवर सांध्यातली फट जवळजवळ संपलेली आणि हाडांचा आकारही बिघडलेला. ते पीईएमएफने पालटत नाही. ऑपरेशनचा निर्णय मात्र एकट्या एक्स-रेवर होत नसतो. ग्रेड 4 असूनही बाजारहाट करणारे लोक आहेत आणि ग्रेड 2 ला रडकुंडीला आलेलेही आहेत. तारीख मिळेपर्यंत, किंवा हृदय, शुगर अशा कारणांनी भूल देणं धोक्याचं असेल तेव्हा, दुखणं थोडं हलकं करायला मी हे वापरते. पाय धनुष्यासारखा वाकत चालला असेल आणि सर्जनने ऑपरेशन सांगितलं असेल, तर 'आधी शेक घेऊन बघू' म्हणत वर्ष घालवू नका. तेवढ्यात मांडीचे स्नायू वाळतात आणि ऑपरेशननंतरचं चालणं जड जातं.

10. मला आमवात आहे, यजमानांना युरिक अॅसिडचा त्रास. दोघांना चालेल का?

इथे जे लिहिलंय ते झिजेच्या संधिवाताबद्दल आहे. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. त्याला संधिवाततज्ज्ञांची औषधं वेळेवर लागतात, नाहीतर सांधे कायमचे वाकडे होतात. युरिक अॅसिडच्या गाऊटचं औषध आणखी वेगळं. गुडघा गरम, लाल, टम्म सुजलेला आणि सोबत ताप असेल तर कोणतंही मशीन न लावता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आत पू झालेला असू शकतो.

11. पेसमेकर आहे. पण मशीन तर गुडघ्याला लावायचं, छातीला नाही!

तरीही नाही. पेसमेकरला बाहेरचं चुंबक ओळखण्याची सोय असते आणि चुंबक जवळ आलं की त्याची चाल बदलते. गुडघ्यापाशी क्षेत्र लहान असलं तरी कॉइल हाताळताना, वाकून पाय घालताना ती छातीजवळ येऊ शकते. अंगाखाली पसरायची मोठी गादी असेल तर विचारच नको. हृदयाला शॉक देणारं यंत्र, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिन पंप, मेंदूत किंवा मणक्यात बसवलेलं कोणतंही विजेचं यंत्र यांनाही हाच नियम. सोबत आलेल्या माणसाला पेसमेकर असेल तर आम्ही त्यांना बाहेरच्या बाकावर बसवतो.

गरोदर बायका, सध्या कॅन्सरचे उपचार घेणारे आणि फिट येणारे यांनाही आम्ही लावत नाही. अपाय सिद्ध झालाय म्हणून नव्हे. गुडघ्याच्या दुखण्यापायी तो धोका पत्करायचं कारण नाही म्हणून.

12. उजवा गुडघा बदललाय, आत धातू आहे. डाव्याला लावता येईल का? उजव्याला?

डाव्याला खुशाल लावा. उजव्याबद्दल लोक घाबरतात ते शॉर्टवेव्हमुळे (प्रश्न 3). शॉर्टवेव्हमध्ये धातू तापून आतून भाजू शकतं, म्हणून धातूवर ती वर्ज्य. कमी वारंवारितेच्या पीईएमएफने असं तापत नाही, आणि कृत्रिम गुडघ्यातले कोबाल्ट-क्रोम किंवा टायटॅनियम चुंबकाला चिकटणारे धातू नव्हेत. गुडघा बदलल्यानंतर दुखणं-सूज कमी करायला हे वापरून पाहिल्याचे अभ्यासही आहेत. पण बदललेला गुडघा नव्याने दुखू लागला असेल तर आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनला दाखवा. सांधा सैल झालाय की जंतुसंसर्ग, हे कळायच्या आत दुखणं दाबायचं नसतं.

13. मुलाने अमेरिकेहून मशीन पाठवलंय. वापरू का? चालू आहे हे कसं कळणार?

आधी अॅडॉप्टरवरचा बारीक मजकूर वाचा. तिथे 120 व्होल्ट, इथे 230. '100-240' असं छापलं असेल तर नुसती पिन बदलून चालतं. '120' एवढंच असेल तर थेट आपल्या बोर्डात खुपसू नका. मागच्या दिवाळीत एका घरी पेटीतून काढल्यापासून पाच मिनिटांत धूर निघाला. मुलाने तिकडे पगारातून साठवून घेतलेलं मशीन, आणि इकडे आई म्हणते, "त्याला सांगू नका हं."

ठोके पडताहेत का ते बघायला छोटंसं चुंबक, फ्रिजवरचं किंवा जुन्या पर्सच्या बटणातलं, चिमटीत धरून कॉइलजवळ न्या. चुंबक बोटांत थरथरतं. मी त्या आजींच्या हातात तेच दिलं होतं. थरथर जाणवली आणि त्यांनी चुंबक पटकन सोडून दिलं. फार कमी ताकदीच्या गाद्या आणि 27.12 मेगाहर्ट्झची कडी यांच्याजवळ मात्र थरथर जाणवत नाही, तेवढ्यावरून ती बंद आहेत असं समजू नका.

इथलं मशीन विकत घेत असाल तर लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक शोधा. वैद्यकीय उपकरण नियम 2017 चे आहेत आणि परवान्याची सक्ती टप्प्याटप्प्याने 2022 आणि 2023 च्या ऑक्टोबरपासून लागू झाली. क्रमांक नसेल तर दुकानदाराला विचारा. उत्तर देताना तो घोटाळला की तुम्हाला उत्तर मिळालंच.

14. चुंबकाचा पट्टा, चुंबकाची गादी हेच काम करते ना?

नाही. तिथलं चुंबक स्थिर असतं. क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे प्रश्न 1 मधली वीज तयारच होत नाही. साखळी पद्धतीने गावोगावी विकल्या गेलेल्या त्या महागड्या गाद्या आजही कित्येक घरांत माळ्यावर आहेत. झोपायला वाईट नसतात.

15. मशीन सुरू केलंय, दुखण्याच्या गोळ्या बंद करू का?

दुखणं उतरलं तर गरजेपुरत्या घ्यायच्या गोळ्या कमी करता येतात, आणि व्हायलाच हव्यात. वर्षानुवर्षं रोज पेनकिलर घेतल्याने पोट, किडनी आणि बीपी तिन्हीला त्रास होतो. पण आपल्या मनाने नाही, डॉक्टरांना सांगून. बीपीच्या, शुगरच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा इथे काही संबंध नाही, त्यांना हात लावू नका.

16. मेडिक्लेममध्ये बसतं का?

साध्या पॉलिसीत सहसा नाही, कारण तिला 24 तासांचं भरती होणं लागतं आणि हे बाह्यरुग्ण उपचारात येतं. ओपीडीचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर फिजिओथेरपीची मर्यादा बघा.

17. दहा सिटिंग झाल्या, काडीचाही फरक नाही. अजून पंधरा घेऊ?

नको. प्रश्न 8 मधल्या वहीत आकडे जिथल्या तिथे असतील तर पुढच्या पंधरांचे पैसे वाचवा. आणि फरक पडला असेल, तरी त्या हलक्या झालेल्या दिवसांत काय करता यावर पुढचं सगळं आहे. मांडीचा स्नायू बळकट झाला नाही तर दुखणं परत येतं. वजनाचंही तसंच. एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे.

म्हणून आमच्याकडे कॉइलमध्ये पाय असतानाच व्यायाम सुरू होतो. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, मनात सातपर्यंत मोजायचं, सोडायचं. असं तीस वेळा. अर्धा तास तसंही तुम्ही पडूनच असता. प्रश्न 2 मधल्या आजींची सिटिंग जानेवारीत संपली. टॉवेल त्या घरून आणायच्या, तोच आता उशाशी असतो म्हणे. परवा नातवाबरोबर आल्या होत्या, त्याचा घोटा मुरगळला होता म्हणून.